मानेवर उतलेला चीक

या, बसा कारकूनसाहेब. बूट काढा, वर या. तिकडे नको, त्या खांबाला टेकू नका, चीक लागलाय तिथं. उतला तर आठ दिवस खाजवत बसाल, आणि घरी बायकोला काय सांगाल? हसू नका. तेवढ्यावरूनच तर तुम्ही वोन्जू शहरातून बस पकडून या डोंगरात आलात.

तुमच्या वकिलाला एवढंच पाहिजे, की बाजारात बायकांचे केस कुरळे करून देणारी यंगिम, हिनं माझ्या घरी चिकातली कोंबडी, म्हणजे या झाडाची साल घालून शिजवलेली कोंबडी, खाल्ली होती का. हो किंवा नाही. एका शब्दात सांगता येईल. पण मग तुम्ही तो शब्द खिशात घालून जाल आणि बाकीचं माझ्या पोटात राहील. तेव्हा आधी सगळं ऐका. शेवटची बस पाचला आहे. अशी गोष्ट सांगतो, की उद्या कुणाच्या मानेवर साधी पुळी दिसली तरी तुम्ही दोनदा वळून बघाल.

मी गोंग. या खोऱ्यात चाळीस वर्षं रोगणाच्या झाडांचा चीक काढला. झाड लावायचं, दहा-बारा वर्षं वाढवायचं, आणि मग एकाच उन्हाळ्यात त्याला खाचा पाडून पाडून सगळा चीक काढून घ्यायचा. शरदात ते झाड मरतं, पाडून टाकायचं. एका झाडाचा एक उन्हाळा. त्यातही रोज खाच पाडून चालत नाही, चौथ्या दिवशी. चौथा दिवस चुकला, की खाच सुकते. पाऊस आला, की काम बंद. हा चीक आम्हाला काही करत नाही, आमची कातडी मेलेली. पण नवख्या माणसाला नुसता हात लागला तरी फोड येतात, डोळे सुजतात.

दालसू माझ्याच हाताखाली शिकला. बरा गडी. अंगानं धिप्पाड, बोलायला गोड, कामाला घाईचा. त्याची बायको मालबुन. ती कुणाकडे शिकली नाही. नवऱ्याचं बघून बघून शिकली आणि त्याच्या पुढं गेली, पण ते कुणी बोलायचं नाही. वरच्या उतारावर दोघांनी चारशे रोपं लावली, बारा वर्षांपूर्वी. खड्डे तिनं खणले. दालसू तेव्हा पाठीत उसण भरून झोपला होता. जमीन मात्र त्याच्या नावावर. इथं बाईच्या नावावर चूलसुद्धा नसते, तुम्हाला काय सांगायचं.

त्यांना मूल झालं नाही. बारा वर्षं मालबुननं त्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेतलं. सासू होती तोवर रोज जेवताना ऐकायची. सासू गेली, तर ती स्वतःच स्वतःला ऐकवायला लागली.

यंदा वसंतात, ऐन झाडं चिकाला आली त्या वर्षी, दालसू म्हणाला, आपण वेगळं होऊ. भांडण नाही, मारहाण नाही. "मला पोर पाहिजे. तू काही वाईट नाहीस. राजीखुशीनं सही-शिक्का करून टाकू, वोन्जूत तुला एक खोली बघून देतो." आणि ती बिचारी हो म्हणाली. माझ्याच पडवीत कागद झाले. साक्षीदार लागतात दोन, त्यातला एक मी. मी शिक्का मारला. माझी म्हातारी आतून म्हणाली, "फार हलका हात हो तुमचा." मी म्हटलं, "त्यांचं त्यांना ठरवू दे."

कोर्टाची तारीख मिळाली ऑगस्टच्या शेवटची. तोवर चीक थांबणार आहे का? तेव्हा जून, जुलै, दोघं पहाटे एकत्र उतारावर जायचे. एकाच डब्यातला सातूचा भात खायचे. वेगळे होणारे नवरा-बायको एकमेकांच्या खांद्यावरचे डास मारताना मी बघितलेत.

माझा गुडघा गेल्या साली गेला. माझी साठ झाडं पलीकडच्या कड्याला, मला चढवत नाही. दालसू म्हणाला, "काका, तुम्ही बसा. तुमची झाडं मी करतो." एक पैसा मागितला नाही. दर पाचव्या-सहाव्या दिवशी माझ्या दारात चिकाचा डबा आणून ठेवायचा. मी म्हातारीला म्हणायचो, पोटचा असता तर यापेक्षा काय वेगळं केलं असतं? ही गोष्ट लक्षात ठेवा, साहेब. माझं तोंड तिथं बांधलं गेलं.

आता संशयाचं सांगतो.

यंदा जुलैत पाऊस लांबला. काम तुंबलं. मधे कोरडा दिवस मिळाला, की माणसं झाडाला चिकटून असायची. आणि दालसू अशा दिवशी म्हणायचा, "चाकूला धार लावून आणतो," आणि मोटरसायकल काढायचा. चाकूची धार आम्ही ओढ्याच्या दगडावर लावतो. मग तो तेल लावून हात घासायला लागला. चिकाचे काळे डाग साबणानं जात नाहीत, तेलानं जातात थोडे. पण उद्या पुन्हा काळे होणारे हात आज कोण घासतं? ती बघायची. नखांच्या कडा काडीनं कोरून कोरून साफ करायचा.

मग एका संध्याकाळी तो ओढ्यात उतरला आणि दगड उलटे करून करून बारक्या खेकड्यांचं एक भांडं भरून आणलं. तिनं कालवणाला पाणी चढवलं. मुळा चिरला. तो म्हणाला, "हे खायचे नाहीत. मित्राला पाहिजेत." सकाळी भांडं नव्हतं.

चीक उतला, की आम्ही काय लावतो माहीत आहे? खेकडा ठेचून त्याचा रस. डॉक्टरकडे कुणी जात नाही. मालबुनला हे माहीत होतं, मला माहीत होतं, शेंबड्या पोराला माहीत असतं. पण कोणता मित्र? खोऱ्यातल्या कुठल्याच चीकवाल्याला चीक उतत नाही.

तरी ती गप्प. मनाला समजावलं असेल, की चारच आठवड्यांचा प्रश्न आहे, कशाला खोदायचं. पण बाईच्या डोक्यात एकदा खडा गेला, की तो निघत नाही. कोर्टात चार माणसांसमोर उभं राहायचं, म्हणून ती बाजाराच्या दिवशी केस कुरळे करून घ्यायला गेली. कुठं जाणार? बाजारात केसांचं दुकान एकच, यंगिमचं.

पुढचं सगळं मालबुननं नंतर माझ्या म्हातारीला सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

ऑगस्टचा उकाडा. पंखा फिरतोय. आणि यंगिम लांब बाह्यांचा सदरा आणि गळ्यात रुमाल घालून उभी. मालबुन खुर्चीत बसली. यंगिम केस गुंडाळायला लागली. औषधाचा उग्र वास होताच, पण खाली दुसराच वास. खेकड्याचा. मालबुन आरशात बघत बसली. यंगिमनं वाकून खाली पडलेला चिमटा उचलला, तेव्हा रुमाल सरकला. कानाच्या मागं, मानेवर, एका ओळीत फोडांच्या चार पट्ट्या. आणि मानेच्या दुसऱ्या बाजूला एक.

"काय झालं गं मानेला?" मालबुननं आरशातूनच विचारलं.

"काही नाही वहिनी, उष्णता."

"चीक उतल्यासारखं दिसतंय."

यंगिमचा हात थांबला. मग हसली. "काय नजर आहे तुमची! अहो, यंदाच्या शेवटच्या उन्हाळी सणाला गोंगकाकांच्या घरी चिकातली कोंबडी खाल्ली. सगळे म्हणाले ताकद येते. ताकद कसली, हे आलं."

"हो का? काकूंनी आधी अंडं दिलं नाही?"

"दिलं की."

"उकडलेलं? मीठ लावून?"

"हो हो, मीठ लावून."

मालबुन बरं म्हणाली आणि डोळे मिटून बसली. उठताना पैसे दिले, केस छान झाले म्हणाली.

त्याच दुपारी, ती परत यायच्या आत, दालसूची मोटरसायकल माझ्या दारात. बहुतेक यंगिमनं टेलिफोन केला असणार, आमच्या वाण्याकडे आहे एक. घामानं निथळत होता. पडवीत बसला, उठला, पुन्हा बसला.

"काका, कुणी विचारलं तर सांगा, यंगिम सणाला इथं जेवायला होती. चिकातली कोंबडी खाल्ली."

"नव्हती."

"नव्हती, पण सांगा."

"का?"

"काका." एवढंच म्हणाला आणि खाली बघितलं. त्याची नखं स्वच्छ होती, साहेब. चीक काढणाऱ्याची नखं ऑगस्टात इतकी स्वच्छ मी चाळीस वर्षांत बघितली नव्हती.

मी म्हटलं, "दालसू, मला यात ओढू नकोस."

तो म्हणाला, "परवा तुमच्या झाडांची पाळी आहे. मी जातोच आहे." धमकी नव्हती हो. तसा बोलला नाही. पण मी ऐकलं तसंच.

तासाभरानं मालबुन आली. कुरळे केस, अंगाला औषधाचा वास. तिला इतकी नटलेली मी लग्नात बघितली होती तेवढीच. पायरीवर बसली. म्हातारी भाजी निवडत होती.

"काका, सणाला यंगिम जेवली का इथं?"

मी विडी ओढत होतो. धूर सोडला. "जेवली की."

म्हातारीचा हात भाजीवर थांबला.

"चिकातली कोंबडी?"

"दोन वाट्या हाणल्या. मी म्हटलं, बाई, जरा बेतानं."

"अंडं गिळलं होतं आधी?"

"माझ्यासमोर गिळलं."

आमच्या घराची रीत आहे. कोंबडी खाण्याआधी कच्चं अंडं, नुसता बलक, फोडून तोंडात सोडायचं. पोटाला आतून लेप बसतो. म्हातारीसमोर गिळल्याशिवाय कुणाला वाटी मिळत नाही, मग तो पाटील असो नाहीतर फौजदार. तेव्हा खोटंसुद्धा मी नीट, रीतीप्रमाणं बोललो.

मालबुननं माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं सांगू? विडीची राख खाली पडेपर्यंत. मग म्हणाली, "बरं काका," आणि गेली.

त्या दिवसापासून म्हातारीनं माझं ताट आपटून ठेवायला सुरुवात केली. बोलणं नाही. एकदाच बोलली. "चीक पोटातून उतला तर आधी तोंडाच्या कोपऱ्याला येतो, मग ढुंगणाला. यंगिमच्या मानेवर पाच बोटं उमटली होती, हे मालबुननं मला खुणेनं दाखवलं. तुम्ही मास्तर ना चिकाचे? सांगा मला, कोंबडीला बोटं कधीपासून फुटली?"

मी ताट सरकवून पडवीत गेलो.

तारखेच्या दिवशी दालसूनं मलाही बरोबर घेतलं. कोट घातला होता त्यानं. बसमध्ये तो पुढं, मी मधे, मालबुन शेवटच्या बाकावर. कोर्टात गेलो. आत दोघांनाच बोलावतात, मी बाहेर लाकडी बाकावर. आतल्या साहेबाला एकच विचारायचं असतं, दोघं राजीखुशीनं वेगळे होताय ना? दोघांनी हो म्हटलं की संपलं. यांच्याआधी एक जोडपं गेलं, ते पाणी प्यायच्या वेळात बाहेर आलं.

हे दोघं त्याहून लवकर आले. दालसूचं तोंड लाल. "नाही म्हणाली," तो म्हणाला. मला नाही, भिंतीला सांगितल्यासारखं. "साहेबानं विचारलं, ती नाही म्हणाली. हिला अक्कल आहे का? कागद झाले होते!"

मालबुन त्याच्या मागं उभी. शांत. म्हणाली, "दोष माझा आहे म्हणून मी हो म्हटलं होतं. हा धार लावायला कुठं जातो ते कळलं, दोष माझा नाही. मग कशाला?"

"काय पुरावा आहे तुझ्याकडे? काकांना विचार! काकांनी सांगितलंय!"

तेव्हा ती माझ्याकडे वळली. कोर्टाच्या त्या बोळात येणारे-जाणारे थांबून बघत होते. ती ओरडली नाही, साहेब. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका, ती म्हणाली काकूंनी अंडं उकडून दिलं, मीठ लावून. तिनं कोंबडी खाल्ली नाही हे मला तुमच्याकडे यायच्या आधीच ठाऊक होतं."

"मग विचारायला कशाला आलीस?" मी म्हटलं.

"तुम्ही काय सांगता ते बघायला. बारा वर्षं कुणाच्यात राहिले, ते बघायला."

परत येताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिथं कुणी बसलं नाही. गावात उतरल्यावर तिनं चांगले जोडे हातात घेतले, घरच्या पडवीतले रबरी बूट चढवले आणि त्या कुरळ्या केसांवर फडकं बांधून सरळ उतारावर गेली. चौथा दिवस होता.

मग तिनं स्वतः दावा लावला, तो तुमच्या वकिलाकडून. तुम्हीच म्हणालात ना तिला, नवऱ्याचा दोष शाबीत झाला तर तो उतार भरपाईत मागता येईल, नाहीतर बोचकं घेऊन निघ? आणि दालसू-यंगिम दोघांना व्यभिचाराच्या गुन्ह्यात तुरुंगातसुद्धा घालता येईल म्हणालात. तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, "तुरुंगात घालून काय करू? झाडं कोण करील?" यंगिम दुकानाला कुलूप लावून माहेरी गेली. दालसू अजून त्याच घरात. एका चुलीवर दोन भांडी. आणि त्याचं कोर्टातलं म्हणणं एकच: ते फोड कोंबडीचे. गोंगकाका साक्षीदार. गेल्या आठवड्यात तांदळाच्या दारूची किटली घेऊन आला. "काका, फक्त तेवढंच. आधी बोललात तेवढंच पुन्हा बोला."

मी किटली ठेवून घेतली, खोटं कशाला बोलू. पण प्यालो नाही. किंवा प्यालो, पण चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन मी पलीकडच्या कड्याला निघालो. का, ते मला सांगता येत नाही. वाटलं असेल, की माझ्यासाठी पोरगा राबतो, ते डोळ्यांनी बघावं, म्हणजे खोटं बोलायला जरा बळ येईल. गुडघ्यानं दोनदा बसवलं. एकदा तर चार पायांवर चढलो, जनावरासारखा.

पहिल्या झाडाशी गेलो आणि खाचा बघितल्या.

साहेब, माणसाचा हात झाडावर उमटतो. दालसूचा हात जड. त्याची खाच खोल, लाकडापर्यंत. मी किती वेळा ओरडलोय त्याला. मालबुनचा हात हलका. सालीपुरती, बारीक, उजव्या टोकाला जरा वर चढणारी. खालून वर खाचा चढत जातात, दर चार दिवसांची एक. जूनच्या चार खाचा खोल, दालसूच्या. पाचवीपासून वरपर्यंत सगळ्या बारीक. दुसरं झाड तसंच. तिसरं तसंच. चाळीस झाडं बघेपर्यंत दुपार झाली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. पावसाचे दिवस सोडले, तर एकही चौथा दिवस चुकलेला नाही.

चाळिसाव्या झाडाशी मालबुन स्वतःच उभी होती. चाकू हातात, कमरेला डबा.

"तू करतेस?" मी म्हटलं.

"चौथा दिवस आहे."

"कधीपासून?"

"तो धार लावायला जायला लागला तेव्हापासून. जाताना म्हणायचा, काकांची झाडं तेवढी बघ."

"आणि डबा तो आणून द्यायचा माझ्या दारात."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

ती खाच पाडत राहिली. पांढरा चीक दाटून आला, तिनं चमच्यानं अलगद उचलला. "तुम्हाला वाटत होतं तो करतो. खूश होतात तुम्ही."

"आणि कोर्टानंतर? मी तुला तोंडावर खोटं बोललो, त्यानंतरही?"

"झाडानं काय केलंय?"

आता माणसानं काय बोलावं? पाया पडावं, माफी मागावी, काहीतरी. माझ्या तोंडून काय निघालं, ऐका. मी म्हटलं, "तुझे कुरळे केस सरळ झाले गं."

ती पहिल्यांदा हसली. हसली म्हणजे नाकातून श्वास सोडला. "घट्ट गुंडाळलेच नव्हते तिनं. हात थरथरत होते तिचे."

आणि पुढच्या झाडाला गेली. मी तिथंच बसलो. मला एवढंच आठवत होतं, की त्या सगळ्या डब्यांवर मी दालसूचं नाव घेऊन म्हातारीजवळ कौतुक केलं होतं. म्हातारी तेव्हा काही बोलायची नाही. तिला ठाऊक असणार. बायकांना ठाऊक असतं आणि त्या वाट बघतात, आपल्याला कधी कळतंय.

तर लिहा, साहेब. यंगिमनं माझ्या घरी कोंबडी खाल्ली नाही. त्या सणालाच काय, कधीच नाही. ती आमच्या अंगणापर्यंत कधी आली नाही. जुलैपासून धारेच्या नावाखाली दालसू बाजारात जात होता, ते कुठले कुठले दिवस, हे माझ्या झाडांवर मोजून दाखवतो, पाडायच्या आत कोर्टाच्या माणसाला घेऊन या. आणि गोंगनं मालबुनला तोंडावर खोटं सांगितलं. का सांगितलं, तेही लिहा. फुकटच्या चिकासाठी. चांगल्या शब्दांत लिहू नका, आहे तसं लिहा.

दालसू उद्या येऊन मला काय म्हणेल, मला माहीत आहे. म्हणू दे.

एक काम करा माझं. कोर्टात न्यायच्या आधी हा कागद घेऊन वर जा. ती आत्ता उतारावर आहे, ती मोठी दरड दिसते ना, तिच्या डावीकडून पायवाट आहे. म्हातारीकडून लांब बाह्यांचा सदरा मागून घ्या, झाडांना हात लावू नका. आणि तिला उभं करून हे सगळं वाचून दाखवा. मला वाचता येत नाही, आणि तिच्यासमोर बोलायला गेलो, तर पुन्हा केसांबद्दलच बोलेन. माझं खोटं येईल तिथं आवाज खाली नेऊ नका, साहेब. तिथं जरा मोठ्यानं वाचा.